कापलेलं कडवं

कोल्हापूर,
११ जानेवारी २००७

अक्का, शरणु शरणार्थी.

तुला फोन केला की तू 'पत्र लिही' म्हणतेस आणि ठेवून देतेस. सख्खा नसलो तरी मावसभाऊ आहे, आणि लक्ष्मीपुरीत घुंगूर कॅसेट्स म्हटलं की अजून लोक गुरुपादचं नाव घेतात. तरी तुझा हुकूम आहे म्हणून लिहितोय.

काम साधं आहे. मुंबईची एक कंपनी तुझं विहिणीचं गाणं मोबाइलवर घ्यायला तयार झालीय. कॉलर ट्यून म्हणतात त्याला. आपण कुणाला फोन लावला की घंटीऐवजी गाणं ऐकू येतं. आपली कॅसेट चौऱ्याण्णव सालची, पण ते गाणं अजून लग्नात वाजतं हे त्यांना कुठून तरी कळलं. पण तिथली पोरं अतिशहाणी. म्हणाली, शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा, सगळ्यांच्या सह्या आणा. मी म्हटलं, वेष्टनावर 'पारंपरिक' छापलंय, वाचता येत नाही का? तर म्हणे, पारंपरिक असेल तर कुणीही गाऊन देईल, मग तुमची गरज काय? मिसरूड न फुटलेली पोरं मला धंदा शिकवतात.

दुसरी गोष्ट. तुझ्या विद्याश्रीच्या सासरी, गडमुडशिंगीत, मोना नावाच्या बाईनं मोबाइलचं दुकान टाकलंय. बाहेर पाटी लावलीय, 'चिपमध्ये गाणी भरून मिळतील'. आमची अख्खी कॅसेट तिच्या कॉम्प्युटरवर आहे आणि ती बिनदिक्कत वाटतेय. ना लाज ना भीती. हे असले लोक आमच्या धंद्याच्या मुळावर उठलेत. वकील शिवशरण म्हणाले, कायदा आता कडक झालाय, कॉम्प्युटरवरची चोरीही चोरीच. पण पोलिसांत जायचं तर आपले कागद पक्के पाहिजेत.

म्हणून सोबत स्टँप पेपर पाठवलाय. पेन्सिलनं फुली केलीय तिथं सही कर. वाचत बसू नकोस, वकिली भाषा आहे. लग्नसराईच्या आत झालं तर तुला एक चांगली इरकल साडी घेईन.

तुझा,
गुरुपाद


नेसरी,
२० जानेवारी २००७

गुरुपाद,

वाचू नकोस म्हणालास म्हणून आधी स्टँप पेपरच वाचला. मी बालवाडीत पोरांना अक्षरं शिकवली, तेवढं मला जमतं.

त्यात लिहिलंय की हे गाणं मी रचलं, चाल मी लावली, मी गायले, आणि ते मी तुला 'आज अस्तित्वात असलेल्या व पुढे निघणाऱ्या सर्व यंत्रांसाठी, संपूर्ण विश्वात, कायमचे' देऊन टाकते. विश्वात! अरे, तुझी कॅसेट गारगोटीच्या पुढे कधी गेली होती का?

म्हणजे चौऱ्याण्णव साली मी कुणी नव्हते. गाणं पारंपरिक होतं, आभाळातून पडलं होतं. आता कंपनी दारात आली तेव्हा मी अचानक कवयित्री झाले, तेही सही करून पुन्हा कुणी नसण्यापुरती. तुझ्या कायद्याचं मला कौतुक वाटतं. इतकी वर्षं तुला माझं नाव आठवलं नाही, त्यानं ते तुझ्याकडून लिहून घेतलं.

विसरला असशील तर सांगते. आपल्या बायकांत विहिणीची थट्टा करायची एक रीत आहे. पंगतीत विहिणीला वाट्टेल ते बोला, पण शेवटच्या कडव्यात आपलं नाव आणि गाव सांगायचं. मग विहीण आपलं नाव घेऊन उलटं उत्तर देते, दोघी एकमेकींच्या तोंडात साखर घालतात आणि विषय संपतो. नाव न सांगता थट्टा करते ती बाई भित्री, तिला कुणी पंगतीला बसवत नाही. विद्याश्रीच्या लग्नात मी अंबूबाईंना म्हटलं होतं,

अंबू विहीण आली, तिनं पंगत मोजली,
पुरणाची पोळी तिनं उजेडाला धरली.

आणि शेवटी म्हटलं होतं,

बोलले ते बोलले मी, तोंड नाही लपवलं,
नेसरीची बसव्वा मी, घ्या गं नाव सांगितलं.

अंबूबाईंनी तिथल्या तिथं सवाई उत्तर दिलं आणि आम्ही पोट धरून हसलो. नंतर 'लग्नाची आठवण' म्हणून तू मला भिंतींना पोती लावलेल्या तुझ्या खोलीत नेऊन अख्खं गाणं गायला लावलंस. वर्षभरात ते बाजारात आलं. त्यात अंबूबाईंचं नाव होतं, माझं कडवं नव्हतं. शिवी खाणारीचं नाव ठेवलंस आणि देणारीचं कापलंस. कर्ण्यावर ते ऐकून अंबूबाईंना वाटलं, बसव्वानं मला बाजारात विकलं आणि स्वतः पदराआड लपली. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. नातवाच्या बारशालाही मला बोलावणं आलं नाही. माझ्या पोरीला माहेर आणि सासर यांच्या मध्ये उभं राहून दिवस काढावे लागले. हे तुला ठाऊक होतं आणि तू ढुंकून पाहिलं नाहीस.

आणि त्या मोनाला चोर म्हणतोस? तुझ्या दुकानाची पहिली पाटी माझ्या डोळ्यांपुढे आहे. 'आपल्या आवडीची गाणी कॅसेटमध्ये भरून मिळतील.' तेव्हा तू सिनेमातल्या गायकांच्या सह्या आणायला मुंबईला जात होतास वाटतं.

सही करणार नाही. स्टँप पेपर जाड आहे, पापडावर झाकायला बरा पडला.

बसव्वा


कोल्हापूर,
२ फेब्रुवारी २००७

अक्का,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तुला व्यवहार कधी कळला नाही.

कडवं मी मुद्दाम कापलं नाही. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. फीत संपत आली होती, काहीतरी काढणं भाग होतं. शेवटचं कडवं निघालं. यात एवढं राजकारण काय? आणि 'पारंपरिक' हे तुझ्याच भल्यासाठी छापलं. बाईमाणसाचं नाव बाजारात नको, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. 'भरून मिळतील'चे ते दिवस वेगळे होते. तेव्हा सगळेच भरत होते, कुणाला कायदा माहीत नव्हता.

आता खरं सांगतो. शिवशरण वकील म्हणतात की लेखी कागद नसेल तर शब्द आणि चाल तुझीच राहते, माझं फक्त रेकॉर्डिंग. गाणाऱ्याच्या आवाजालाही आता कायद्यात वेगळा हक्क आहे म्हणे. उद्या वाजंत्रीवाल्यालाही हक्क देतील. ज्यानं मशिनं आणली, फीत आणली, दुकान थाटलं, तो राहिला बाजूला. कायदा करणाऱ्यांनी आयुष्यात कधी एक कॅसेट विकली नसेल.

तरीही तुझा मान ठेवतो. कंपनीच्या यादीत गाण्यापुढे तुझं नाव घालायला सांगेन. कडव्याचा हट्ट मात्र सोड. कॉलर ट्यून अर्ध्या मिनिटाची असते, शेवटचं कडवं कुणालाच ऐकू येणार नाही. सुरुवातच घेणार, 'अंबू विहीण आली'. तीच लोकांना आवडते.

मोनाचं म्हणशील तर महाशिवरात्र झाली की मी फौजदारांना घेऊन तिच्या दुकानात जाणार आहे. रेकॉर्डिंग तर माझंच आहे ना? तेवढ्यावर तक्रार होते. तिचा कॉम्प्युटर उचलला की पंचक्रोशीतले भुरटे सरळ होतील.

नवा स्टँप पेपर पाठवतोय. यावर पापड नको.

गुरुपाद


नेसरी,
८ फेब्रुवारी २००७

गुरुपाद,

कॅसेट माझ्याकडे अजून आहे. तुझं पत्र आल्यावर शेजारच्या तानाबाईच्या घरी टेपवर लावली. माझं गाणं संपतं आणि तुझा आवाज येतो, 'रसिकहो, घुंगूर कॅसेट्सच्या इतर कॅसेट्स अवश्य ऐका, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर.' पुढे तुझ्या सगळ्या कॅसेटांची नावं, सावकाश, चवीनं. माझ्या दोन ओळींना फीत पुरली नाही, तुझ्या पत्त्याला पुरली. नाव आणि गाव सांगून शेवट करायचा, ही रीत तू बरोबर पाळलीस, फक्त माझ्या जागी स्वतः बसलास. खोटं बोलायचं तर निदान कॅसेट तरी ऐकून बोलावं.

आता अर्ध्या मिनिटाचा हिशेब ऐक. कुणीही कुणालाही फोन लावला की अंबूबाईंचं नाव वाजणार आणि समोरच्यानं फोन उचलला की बंद होणार. म्हणजे त्यांची थट्टा रोज, गावोगाव, आणि उत्तर द्यायला समोर कुणीच नाही. हे मी सही करून विकू? तुला लाज नाही हे मला माहीत होतं. अक्कलही नाही हे आता कळलं.

स्टँप पेपर परत पाठवते. सहीची जागा कोरी आहे, दुसऱ्या कुणाला फसवायला उपयोगी पडेल.

मी जरा बाहेरगावी जाऊन येते. उत्तराची घाई करू नकोस.

बसव्वा


कोल्हापूर,
५ मार्च २००७

अक्का,

माझी बेअब्रू करून तुला काय मिळालं?

फौजदार, दोन शिपाई आणि वकील घेऊन मी गडमुडशिंगीला गेलो. दुकानाबाहेर अर्धं गाव जमलं. मोना जागेवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "या पावणं, चा घेनार काय?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर लाव, विहिणीचं गाणं वाजव." तिनं वाजवलं. तुझाच आवाज, पण म्हातारा झालेला. मागं एसटीचा हॉर्न, एक कोंबडा, आणि कुणीतरी "गप की रं" म्हणतंय. मला वाटलं, यंत्रानं काहीतरी बिघाड केला. तोवर शेवटचं कडवं आलं.

फौजदारांनी विचारलं, "पावणं, हे कडवं तुमच्या क्यासेटीत हाय का?"

मी म्हटलं, "न्हाय."

"मग ही क्यासेट तुमची न्हाय की."

वकिलानं माझ्याकडे बघायचंच सोडून दिलं. मोना सांगते, कॅसेटवरून घेतलेलं जुनं गाणं तिनं पुसून टाकलं, कारण "ते अर्धवट हुतं, गिऱ्हाईक पुरं मागतंय." अर्धवट! स्टुडिओत केलेलं माझं रेकॉर्डिंग अर्धवट, आणि कोंबडा आरवतोय ते पुरं! परत येताना वकील मला म्हणाले, शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा, रेकॉर्डिंगही तुमचं नाही. उलट त्यांनी मनात आणलं तर चौऱ्याण्णव सालच्या कॅसेटबद्दल तुम्हालाच विचारू शकतात. या सल्ल्याची वर त्यांनी फी घेतली.

तू तिथं गेली होतीस, हो ना? सख्ख्या रक्ताला सोडून त्या चिपवालीच्या दुकानात जाऊन गायलीस? सरळ उत्तर दे.

गुरुपाद


नेसरी,
१८ मार्च २००७

गुरुपाद,

पहिल्या पत्रात 'सख्खा नसलो तरी' होतास, आता सख्खं रक्त झालास. बरं.

हो, गेले होते. पोलीस घेऊन जाणार ते तूच कळवलंस, म्हणून शिवरात्रीच्या आधीच एसटी पकडली. वाटलं होतं, कुणी बेरकी बाई असेल. बघते तर काउंटरमागे बसून भेंडी निवडत होती. मी नाव सांगितलं तर दचकली.

"आज्जी, तुमीच व्हय त्या? आमाला वाटलं ती म्हातारी कवाच गेली आसंल. हितं पारंपरिक लिवलंय की."

मी म्हटलं, "पारंपरिक जिवंत हाय. एसटीनं आली हाय."

तिला सांगितलं की हे गाणं अपुरं आहे आणि उरलेलं माझ्याकडे आहे. तिनं भेंडी बाजूला सारली, मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "म्हना." पोती नाहीत, मशिनं नाहीत, आणि कागद तर नाहीच. मी गायले. संपल्यावर तिनं विचारलं, "आज्जी, गान्याचं नाव काय लिवू? आन तुमचं कसं लिवू?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं कुणी, तर तुझ्या हिशेबानं जी चोर तिनं.

मग मी तिला म्हटलं, "आता हे अंबूबाईंच्या घरी ऐकवून ये." माझी स्वतः जायची हिंमत नव्हती. जन्मभर तोंड वाजवलेली बाई मी, पण त्या दाराकडे मला पाय उचलवेना. मोना गेली. मी दुकानात बसून राहिले. एक गिऱ्हाईक आलं, त्याला चिप कुठे ठेवलीय तेही मला सांगता येईना.

थोड्या वेळानं अंबूबाई काठी टेकत स्वतः आल्या. मागं विद्याश्री, रडवेली. अंबूबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"बसव्वा, हे कडवं तवाबी हुतं?"

"हुतं. गुरुपादनं कापलं."

"आन तू सांगाया आली न्हाईस?"

"दोनदा आलते. तुम्ही दार उघडलं न्हाईत."

त्या उंबरा ओलांडून आत आल्या. मग मोनाच्या हातातला मोबाइल ओढून घेतला, उलटा धरला, मोनानं सुलटा करून दिला, आणि त्यांनी म्हटलं,

पोळी धरली उजेडाला, पलीकडं दिसलं गाव,
पुरण शोधून दमले मी, अंबू माझं नाव.

लग्नात दिलेलं उत्तर त्यांच्या जसंच्या तसं ध्यानात होतं. साखर दुकानात नव्हती, मोनानं समोरच्या चहाच्या गाड्यावरून मूठभर आणली. अंबूबाईंनी माझ्या तोंडात घातली, मी त्यांच्या. मी रडले, लिहायला लाज वाटत नाही. मग त्यांच्या घरी विद्याश्री आमच्या दोघींच्या मध्ये बसून जेवली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

निघताना मोनानं विचारलं की हे गाणं कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही. मी सांगितलं, मागेल त्याला दे. वाजवू दे, वाटू दे, माझी हरकत नाही. अट एकच, शेवटचं कडवं आणि अंबूबाईंचं उत्तर कापायचं नाही. तुझ्या वकिलाला विचार, कायद्यात असं बसतं का. बसत नसेल तर कायद्यानं थोडं सरकून जागा करावी. संपूर्ण विश्वाला जागा करतो म्हटल्यावर एका कडव्याला करायला काय झालं?

आणि तू सरळ उत्तर मागितलंस म्हणून सांगते, मी आणखी एक कडवं म्हटलंय, नवं. वेगळ्या गाण्यात आहे, कळेल तुला.

बसव्वा


कोल्हापूर,
२२ मे २००७

अक्का,

कळलं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका ओळखीच्या माणसाकडे नोकरीचं बोलायला गेलो होतो. फाटकावरच्या वॉचमननं रजिस्टरात माझं नाव लिहिलं आणि हसायला लागला. खिशातून मोबाइल काढून सगळ्या फाटकाला ऐकवलं.

भाऊ माझा गुरुपाद, त्याच्या हाती कातरी,
नाव कापून गाणं विकतो, सांगते बसव्वा, गाव नेसरी.

"तुमीच व्हय ते कातरीवालं पावणं?" म्हणाला. लग्नात गेलो की पोरं हेच लावतात. परवा तुझ्याच भाचीच्या हळदीत, माझ्या समोर, माझ्या बायकोसमोर. कुणी कुणाला ब्लूटूथनं पाठवतंय, कुणाकडे आहे, कुणाकडे नाही, काही पत्ता लागत नाही. पोलिसांत जाऊ तरी कुणाविरुद्ध?

मुंबईच्या कंपनीनं नाही म्हणून कळवलं. गाणं सगळ्यांकडे फुकट आहे, आम्ही कशाला घेऊ, म्हणाले. दुकान मी पाडव्यालाच बंद केलं. कॅसेट आता कुणी घेत नाही, फिती भंगारवालाही घेत नाही. ते जाऊ दे.

अक्का, चुकलं असेल माझं. तुझं कडवं कापायला नको होतं. जाहिरात दुसऱ्या बाजूला घालता आली असती. पण माझं नाव असं गावोगाव वाजवणं बरं नव्हे, मला दोन मुली उजवायच्या आहेत. मोना तुझं ऐकते. तिला सांग, गाणं राहू दे, चाल राहू दे, फक्त त्या ओळीतून माझं नाव तेवढं काढून टाक. मागं नुसतं 'भाऊ माझा' ठेवलं तरी चालेल.

तुझा,
गुरुपाद


नेसरी,
३० मे २००७

गुरुपाद,

चुकलं म्हणालास ते पोचलं. तुझ्या मुलींची लग्नं ठरली की मी आणि अंबूबाई दोघी पंगतीला येऊ, गायला बोलव किंवा नको बोलवू.

तुझ्या नावाचं मी मोनाला विचारलं. ती म्हणाली, "आज्जी, गानं आता माज्याकडंच न्हाय, समद्यांकडं हाय. आन माज्याकडं असतं तरी मला गानं भरता येतंय, त्यातलं नाव कापाया येत न्हाय."

रीत तुला माहीत आहे. ज्याचं नाव घेतलं त्यानं आपलं नाव सांगून उत्तर द्यायचं, म्हणजे साखर घालून विषय संपतो. तुझा आवाज चांगला आहे, कॅसेटच्या शेवटी ऐकलाय मी. गडमुडशिंगीला जा, मोना मोबाइल धरेल, तुझं उत्तर माझ्या कडव्याच्या शेजारी बसेल आणि ते कुणी कापणार नाही.

ते नको असेल आणि नावच काढायचं असेल, तर माझा नाइलाज आहे. कोल्हापुरात नाव कापायचं काम एकाच दुकानात होत होतं, आणि ते तू पाडव्याला बंद केलंस.

नेसरीची बसव्वा